टास्किंग मॅनेजरवर एक चौकोन पूर्ण करताना: माझा अनुभव

ज्या भागाचा धड नकाशाच नाही, तिथली घरं आणि रस्ते उपग्रहचित्रावरून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर आखायचं काम टास्किंग मॅनेजर या संकेतस्थळावर वाटून घेतलं जातं. २०१० च्या हैती भूकंपानंतर ही स्वयंसेवी नकाशेगिरी जगाच्या नजरेत भरली. मोठा प्रदेश चौकोनांत कापलेला असतो. एक चौकोन घेतला की तो दोन तास तुमच्या नावावर राहतो, मग आपोआप सुटतो. इथेच घोळ होतो. आखलेलं अपलोड न करता बसलात, तर दुसरा कुणी तोच चौकोन घेतो आणि प्रत्येक घर दोनदा उमटतं. म्हणून वीसेक घरं झाली की मी अपलोड करते. चौकोन फारच दाट असेल तर त्याचे चार तुकडे करायची सोय आहे, ती खुशाल वापरावी.

पहिली रेघ ओढण्याआधी चित्र जुळतंय का, हे पाहते. आधी आखलेले सगळे रस्ते एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसले, तर बहुधा चित्र सरकलंय, रस्ते नाहीत. आयडी एडिटर या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आखणीच्या साधनात पार्श्वभूमीच्या सेटिंगमधून चित्र ओढून जुळवायचं. हे न करता रस्तेच हलवत सुटणारे नवखे नकाशाची जी वाट लावतात, ती निस्तरायला फार वेळ जातो.

घराचे चार कोपरे टिपून क्यू दाबलं की काटकोन होतात. गोल झोपडीला ओ. चित्र तिरपं असेल तर उंच इमारतीचं छप्पर पायापासून बाजूला झुकलेलं दिसतं. अशा वेळी छपराची कडा आखून एम दाबते आणि आकृती पायावर नेऊन ठेवते. सावली घरात धरायची नाही. झाड आणि गोल झोपडी यांत गल्लत होत असेल, तर दुसरं उपग्रहचित्र लावून बघावं. तरीही शंका राहिली तर सोडून द्यावं.

रस्त्यांत सगळ्यांत जास्त चुका प्रकार निवडताना होतात. कच्चा दिसला की लोक सरसकट ‘ट्रॅक’ लावतात. ट्रॅक म्हणजे शेतात किंवा रानात जाणारी वाट. दोन गावं जोडणारा रस्ता मातीचा असला तरी ‘अनक्लासिफाइड’, वस्तीतला ‘रेसिडेन्शियल’. दोन रस्ते मिळतात तिथे सामाईक बिंदू हवाच. नुसते एकमेकांवर टेकलेले असले तर मार्ग शोधणाऱ्या ॲपला तिथे वळताच येत नाही.

इतर कंपन्यांच्या नकाशांवरून नावं उतरवायची नाहीत, परवान्याचा भंग होतो. अपलोडच्या टिपेत प्रकल्पाचा क्रमांक आपोआप येतो, तो पुसू नये.

शेवटी चौकोन पूर्ण झाला का, असं विचारतात. एक कोपरा जरी राहिला असेल तरी मी ‘नाही’ म्हणते आणि काय उरलंय ते लिहिते. अर्धवट चौकोन ‘पूर्ण’ म्हणून गेला, तर तपासणाऱ्याला तो परत पाठवावा लागतो.