तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं बदलली की बातम्या?

"हल्लीची पोरं इतकी क्रूर कशी झाली हो?" मला जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायचा नाद आहे हे कळलं, की हा प्रश्न येतोच. 'पूर्वी असं नव्हतं' एवढंच विचारणाऱ्याला माझ्याकडून ऐकायचं असतं. पण पंचाईत अशी, की त्या फायलींत हीच तक्रार प्रत्येक पिढी करताना दिसते. १९६४च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर स्कूटरवाल्या पोरांनी थोडी मोडतोड केली, तर लंडनच्या पेपरांनी गावावर स्वारीच झाल्यासारखे मथळे दिले.

मला जास्त चक्रावतं ते वेगळंच. एकाच पोराचं चित्र काळाबरोबर पार उलटं होतं. एप्रिल १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात धावायला गेलेल्या तरुणीवर भयंकर हल्ला झाला. १४ ते १६ वयाची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं त्यात गोवली गेली. खटला उभा राहायच्या आतच पेपरांनी त्यांना लांडग्यांची टोळी ठरवलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी तर चार दैनिकांत पानभर जाहिरात देऊन मृत्युदंड परत आणा म्हटलं. २००२मध्ये दुसऱ्याच माणसाने कबुली दिली, डीएनए जुळला, शिक्षा रद्द झाल्या. उमेदीची वर्षं तोवर तुरुंगात गेली होती. त्या पाचांपैकी यूसेफ सलाम २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलवर निवडून आले, आणि पेपरही आता 'निर्दोष सुटलेले पाच' असं आदराने लिहितात. लिहितात खरे, पण फार उशिरा.

नव्वदच्या दशकात तर पुढच्या पिढीचीच बातमी झाली. मुलांच्या नव्या, महाहिंस्र टोळ्या येऊ घातल्यात असं जॉन डिआयुलिओ या प्राध्यापकांनी १९९५मध्ये लिहिलं. माध्यमांनी ते उचलून धरलं, आणि त्याच भीतीच्या लाटेत बहुतेक अमेरिकी राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं. गुन्हे मात्र तेव्हाच उतरू लागले होते. ते भाकीत चुकलं, असं २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडणाऱ्या निवेदनावर खुद्द डिआयुलिओंची सही आहे. या सहीला मथळा कितीसा मिळणार!

हे असंच व्हायला हवं असंही नाही. १९९३मध्ये इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका लहानग्याचा जीव घेतला. दोषी ठरल्यावर न्यायाधीशांनी त्यांची नावं छापायला परवानगी दिली, आणि तिथले पेपर आजही ती विसरू देत नाहीत. पुढच्याच वर्षी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला सहा वर्षांच्या मुलांच्या हातून पाच वर्षांची मुलगी गेली. तिथे त्या मुलांची नावं छापली नाहीत, आणि ती पुन्हा बालवाडीत जाऊ लागली. वयातला फरक मला मान्य आहे. पण संपादक काय निवडतो, तोही फरक आहेच.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेत नव्वदच्या मध्याशी तुलना केली, तर अल्पवयीनांच्या अटका आता निम्म्याहूनही कमी आहेत. हे सांगितलं, की समोरचा बहुधा खिशातून मोबाइल काढतो आणि कालचा एक व्हिडिओ दाखवतो.