मुंबईत स्वस्तात बार्बेक्यू: धुराच्या मागावर तीन दिवस

भाचा तीन वर्षं टेक्सासात, ऑस्टिनजवळ नोकरीला होता. परत आल्यापासून त्याची एकच भुणभुण, "मामा, तिकडचं बार्बेक्यू एकदा तुम्हाला खायला घालायचंय." कोल्हापूरच्या माणसाला मटणाचं कुणी सांगितलं की तो मागे राहत नाही. डिसेंबरात सुट्टी जुळली आणि मी, बायको, ताई आणि भाचा असे चौघं महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. एक अट आधीच ठरवली: तीन दिवसांत खाण्यावर माणशी दोन हजारांच्या वर जायचं नाही. ती पाळता आली. पण पहिल्याच दुपारी जे चुकलं ते तुमचं चुकू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ब्रिस्केटचं. ऑस्टिनसारखं ब्रिस्केट खायचा बेत असेल तर तो सोडून द्या. ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलाच्या छातीचं मांस, आणि महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. मुंबईत मेनूवर 'बीफ' दिसलं तर ते म्हशीचं किंवा रेड्याचं, ज्याला हॉटेलवाले 'बफ' म्हणतात. त्यात चरबी कमी, त्यामुळे दहा-बारा तास धुरावर ठेवलं तर ते वातड होण्याची भीती जास्त. आमच्यात ताई आणि बायको ते खात नाहीत, त्यामुळे आम्ही बहुतेक चिकन, मटण आणि पोर्क यांवरच राहिलो.

गाडीत भाच्यानं एक गोष्ट नीट समजावली आणि पुढचे तीन दिवस तीच उपयोगी पडली. आपल्याकडे 'बार्बेक्यू' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, निखाऱ्यावर थेट भाजणं, ते काही मिनिटांचं काम. दुसरी, अमेरिकेच्या दक्षिणेतलं खरं बार्बेक्यू: मांस आगीपासून लांब, झाकणाखाली, साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसला, लाकडाच्या धुरात कित्येक तास. तिसरी म्हणजे नुसता सॉस. कॅन्सस सिटीकडचा टोमॅटो आणि काकवीचा गोड, कॅरोलिनाकडचा व्हिनेगरचा आंबट. टेक्सासात बऱ्याच ठिकाणी मांसाला मीठ आणि जाडसर मिरी एवढंच लावतात, सॉस लागलाच तर बाजूला. मुंबईतल्या मेनूवर 'बीबीक्यू' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा तिसरं.

आणि शुक्रवारी दुपारी आम्ही त्या तिसऱ्यावरच फसलो. लोअर परळला एका चकाचक ठिकाणी रिब्ज, म्हणजे बरगड्या मागवल्या. काचेच्या घुमटाखाली ताटली आली, वेटरनं घुमट उचलला, धूर निघून गेला. फोटोला छान. पण हाड हातात धरलं तर मांस सबंध गळून खाली पडलं. भाचा म्हणाला, "मामा, हे उकडलंय." चांगल्या रिबला दात लावला की तेवढाच घास सुटतो आणि हाडावर दाताची कमान दिसते, बाकीचं मांस जागेवर राहतं. इथं उकडलेल्या मांसावर गोड सॉस ओतला होता. बिल चौघांच्या दिवसभराच्या बजेटपेक्षा मोठं. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. तो देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तो बिलात आपोआप लावू नये असं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. शांतपणे सांगितलं तर काढून देतात, आम्हालाही दिला. ५ टक्के जीएसटी मात्र साध्या रेस्टॉरंटमध्ये द्यावाच लागतो, तो हिशेबात धरून चला.

तिथून निघताना ठरवलं की आता मेनूवरचा शब्द बघायचा नाही, विस्तव कुठे आहे ते बघायचं.

संध्याकाळी नागपाडा. भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं, नाहीतर टॅक्सी. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत ती मिळत नाही, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला तिला परवानगीच नाही. नागपाड्याचं सार्वी हे जुनं हॉटेल सीक कबाबासाठी ओळखलं जातं. सजावट शून्य, टेबलं भराभर रिकामी होतात, भराभर भरतात. कबाब इतका मऊ की रोटीनं उचलायला गेलं की मोडतो. अशा हॉटेलांत ऑर्डर देण्याआधी 'बडे का' की 'छोटे का' एवढं विचारा. बडे म्हणजे म्हशीचं, छोटे म्हणजे बकऱ्याचं. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

पण माझं मन रमलं ते तिथून पुढे, बोहरी मोहल्ल्यात. गल्लीत एका गाडीपाशी थांबलो. हातभर लांब शेगडी, अर्ध्या भागात लाल निखारे, अर्ध्यात नुसती राख. सळ्या आधी निखाऱ्यावर, रंग आला की राखेच्या बाजूला सरकवायच्या, म्हणजे आतून शिजतात आणि बाहेरून करपत नाहीत. भाजणारा दर दोन-तीन मिनिटांनी सगळ्या सळ्या एका हातानं एकाच वेळी फिरवत होता. मटणाची चरबी निखाऱ्यावर टपकली की भुस्स करून धूर उठायचा आणि तोच धूर परत मांसाला लागायचा. भाचा पुटपुटला, "टू झोन." तिकडे त्यानं हे मोठ्या ग्रिलवर शिकायला पैसे मोजले होते. इथे तो माणूस कुणाला न सांगता रोज तेच करतो. चिकन टिक्का, मटण सीक आणि धाडस असेल तर खिरी, म्हणजे जनावराच्या कासेचं मांस. भाजल्यावर ते दुधाळ आणि थोडं चिवट लागतं. मला आवडलं. बायकोनं ताटली माझ्याकडे सरकवली.

जेवण झाल्यावर तिथलंच ताज आइस्क्रीम. १८८७ पासूनचं दुकान, हातानं फिरवायच्या सांच्यात बनवलेलं. सीताफळ मिळालं तर दुसरं काही बघू नका. दोन्ही ठिकाणं धरून चौघांचं बाराशेच्या आत झालं. रमजानात हा सगळा भाग दिवसा शांत असतो आणि रोजा सुटल्यावर रात्रभर जागा. तेव्हा जायचं तर मुलाबाळांना घेऊन नको, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते.

एक विचारून घ्याच: कोळसा की गॅस? मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर न्यायला सहा महिन्यांची मुदत दिली. महापालिकेनं तंदूरवाल्या हॉटेलांनाही ८ जुलै २०२५ पर्यंत बदलायला सांगितलं. शहराच्या हवेसाठी ते गरजेचं होतं, हे मी मनापासून मानतो. चवीचंही सगळं संपलं असं नाही. भाजलेल्या मांसाच्या वासातला मोठा वाटा टपकणाऱ्या चरबीचा असतो, ती तापलेल्या जाळीवर किंवा दगडावर पडली तरी धूर होतोच. लाकडाचा धूर मात्र गॅसवर येत नाही.

कुलाब्याच्या बडेमियाँचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ताज हॉटेलच्या मागची गल्ली, १९४६ पासून. रात्री उशिरा काही उघडं नसताना बैदा रोटीसाठी, म्हणजे अंडं आणि खिमा भरलेल्या रोटीसाठी, जरूर जा. भाव आता पर्यटकांचे आहेत. आणि टेबलावरच शेगडी ठेवणारं बार्बेक्यू नेशन, जे २००६ मध्ये मुंबईतच सुरू झालं, ते अमेरिकन नाही, पण एकदा पैसे भरून हवं तेवढं खायचं असल्यानं घरात जोरात खाणारी पोरं असतील तर परवडतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी भाव कमी असतो. टेबलावरचा छोटा झेंडा खाली करेपर्यंत सळ्या येतच राहतात, त्यामुळे तो वेळेवर खाली करा.

शनिवार वांद्र्यासाठी ठेवला. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि हिल रोडनं चालत जा. होली फॅमिली हॉस्पिटलजवळ हर्श बेकरी आहे. आरामात बसायची जागा नाही, काउंटरवर घ्यायचं आणि उभ्यानं खायचं. बर्गर, हॉट डॉग, चिकन रोल, सगळं दोन माणसांना एका मोठ्या हॉटेलच्या सूपच्या किमतीत. भाच्यानं बर्गर उघडून बघितला आणि सांगितलं की हा अमेरिकन नव्हे. तिकडची पॅटी म्हणजे नुसता खिमा, वर मीठ-मिरी, तव्यावर दाबून कडा कुरकुरीत केलेली. आपल्याकडच्या पॅटीत कांदा, मिरची, पाव मिसळून ती कटलेटसारखी होते. ताईनं मात्र दोन खाल्ले. मला वाटतं हा बर्गर मुंबईचा म्हणूनच खावा, तुलना न करता. पाली नाक्याकडचं कँडीज हे कॅफे ही पुढची पायरी. स्वतः घ्यायचं, बरेच मजले, झाडांत बसायला छान, रोस्ट चिकनचं सँडविच घ्या. गोडाला चर्चगेटच्या के. रुस्तमचं आइस्क्रीम सँडविच. दोन पातळ वेफर्समध्ये जाड वडी, रस्त्यावर उभं राहून, वितळायच्या आत. १९५३ पासून तसंच.

एवढं फिरूनही लाकडाच्या धुरातलं, तासन्‌तासांचं बार्बेक्यू परवडेल अशा भावात मिळालं नाही. त्याला कारण आहे. पोर्कचा एक खांदा शिजायला सात-आठ तास आणि शिजल्यावर वजन बरंच कमी होतं. भाड्याच्या जागेत हे कुणी स्वस्तात विकू शकत नाही. म्हणून रविवारी आम्ही ते स्वतः केलं.

वसईला माझा जुना सहकारी राहतो, घराला केळी-नारळाची वाडी. सकाळी सहाची विरार लोकल धरली. रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा. मित्रानं ओळखीच्या कसायाकडून दोन किलो पोर्कचा खांदा आणून ठेवला होता, चरबीचा थर न काढता. भाच्यानं रात्री मीठ आणि कुटलेली मिरी लावायला सांगितलंच होतं. अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात एका बाजूला कोळसा, त्यावर सुक्या आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या, दुसऱ्या बाजूला जाळीवर मांस, वर झाकण. रंग लावलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं. धूर पांढरा आणि दाट दिसला तर मांस कडू होतं, तो पातळ, निळसर होईपर्यंत थांबा. आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर विकत घ्या, त्याच्याशिवाय सगळा अंदाजच.

तीन तासांनी काटा ६८ अंशांवर येऊन अडकला. तासभर हलेना. मी आणखी कोळसा घालायला उठलो तर भाच्यानं हात धरला. "मामा, माठ आठवा." मांसाला घाम सुटतो आणि तो उडताना मांस थंड ठेवतो, माठातलं पाणी गार राहतं तसंच. अशा वेळी आग वाढवायची नाही, बसून राहायचं. नंतर काटा आपोआप चढायला लागला. चिवट भागातला कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं ते याच तासांत. साडेतीनला ९४ अंश झाले, थर्मामीटरची सळई लोण्यात जावी तशी आत गेली. अर्धा तास झाकून ठेवलं आणि मग हातानं धागे सोडवले. बाहेरून काळंभोर कवच आणि त्याच्या खाली बोटभर गुलाबी कडा. ती कच्ची नसते. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाच्या रंगद्रव्याला धरून बसतो, त्यानं तो रंग टिकतो. खर्च सगळा मिळून दीड हजार आणि सात माणसं जेवली. लादी पाव, व्हिनेगरात मुरवलेला कोबी, बस.

बायको आणि ताई दिवसभर दादरला खरेदीत होत्या. उरलेलं डब्यात भरून आम्ही वसईवरून थेट दादरला आलो. महालक्ष्मी तिथे थांबते, सीएसएमटीला जायची गरज नाही. कल्याण गेल्यावर ताईनं डबा उघडला, एक घास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग भाच्याला विचारलं, "मसाला कुठला घातलास रे?"

"मीठ आणि मिरी, आई."

तिनं पिशवीतून आणखी एक पाव काढला.