फोंडा घाटापुरता उजेड: मामांच्या जीपचं वायरिंग

लहानपणी मामांच्या जीपमधून कोकणात जायचो तेव्हा मी मागच्या बाकावर, दोन पोत्यांच्या मध्ये बसायचो. राधानगरी सोडली की दाजीपूरचं जंगल लागायचं, मग फोंडा घाट, खाली उतरलं की मामींचं माहेर. एका पावसाळ्यात, रात्री, धुक्यातून जाताना मामांनी करकचून ब्रेक दाबला. पुढे काहीच दिसत नव्हतं. मग हळूहळू चार पांढरे पाय दिसले. नुसते पाय. त्यांच्यावर काळोखाचा एवढा मोठा तुकडा उभा होता तो गवा. गव्याच्या गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो, तेवढाच आमच्या जीपच्या मिणमिणत्या दिव्यांना दिसला होता.

तीच जीप मामांनी मला दिली. गुडघ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं होतं आणि ती अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. "चालव नाहीतर वीक, पण भंगारात घालू नको," एवढंच म्हणाले.

गाडी १९६८ सालची. महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. हे बॉनेट उंच का, हे मला काम करतानाच कळलं. हिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच झालं आणि विलीज या मूळच्या अमेरिकन जीप कंपनीने १९५३ साली बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ सालीच बंद झालं, आपल्याकडे मात्र त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिलं. म्हणून तर आजही पुण्याच्या नाना पेठेत उभं राहून सामानाची यादी वाचली तर निम्मं सामान मिळून जातं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पत्र्याचं आणि ब्रेकचं काम थोडक्यात सांगतो. पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. तो कापला, नवा वेल्ड केला, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारला. ब्रेकचे चारही ड्रम कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर साफ करून घेतले. या गाडीला ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. म्हणून झाडून सगळे पाइप, होज आणि व्हील सिलिंडर नवीन टाकले. इंजिन उघडावं लागलं नाही. प्लगचा गॅप ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), पॉइंटचा २० थाऊ ठेवला, कार्बोरेटर धुतला. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम मात्र बदललेच, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. जुनी गाडी घरी असेल त्यांनी हे आधी बघावं.

मग वायरिंग. माझा मोटार रिवाइंडिंगचा धंदा आहे, तारेशी रोजचा संबंध. त्यामुळे चार दिवसांचं काम समजून मी कटर हातात घेतला. शेजारच्या गावातले एक म्हातारे मिस्त्री, ज्यांनी मामांच्या काळी ही जीप सांभाळली, ते बघायला आले होते. त्यांनी माझा हात धरला. "पोरा, तार आधी वाच. मग काप."

तार वाचायला तीन आठवडे गेले. पन्नास वर्षांत प्रत्येक गॅरेजने आपापली भर घातली होती. टेललाइटला घरातल्या बोर्डाची पिवळी वायर, हॉर्नला स्पीकरची. डॅशच्या मागे एका जोडावर टेप वितळून तांब्याला चिकटली होती आणि बाजूची वायर बोटभर लांबीत काळी पडली होती. तिथून चार बोटांवर पेट्रोलच्या मीटरची वायर. आम्ही पोरं असताना ही गाडी पेटली नाही याचं मला आजही बरं वाटतं. बॅटरीची आधी मायनस, मग प्लस काढली, आणि मीटर लावून एकेक तार कुठून निघते, कुठे जाते ते वहीत काढलं. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची चिठ्ठी. वहीची चौदा पानं भरली.

काढून टाकण्याआधी एक मोजणी केली, आणि तिनेच मला खरं शिकवलं. दिवे लावले, बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बवर १०.१. अडीच व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी दिव्याच्या वाटीवर. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं, आले १.१. म्हणजे जवळजवळ निम्मा तोटा जाणाऱ्या वायरीत नव्हताच, परत येणाऱ्या वाटेत, म्हणजे मायनसचं काम करणाऱ्या गाडीच्या पत्र्यात होता. गंजलेला मडगार्ड, रंगावर आवळलेला बोल्ट, चासी आणि बॉडीमधलं रबर. आपण प्लसच्या वायरी बदलत बसतो आणि अर्थिंगकडे कुणी बघत नाही. फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज पाचव्या हिश्शाने पडलं तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो. गव्याचे फक्त पाय का दिसले, याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी त्या १.१ च्या आकड्यात मिळालं.

पुढचं सगळं त्यावरून ठरलं. दोन्ही दिव्यांच्या आणि मागच्या लाइटच्या अर्थच्या वायरी वेगळ्या ओढल्या, त्या बॉडीवर न सोडता चासीवर एका जागी आणल्या. तिथे रंग घासून पांढरा पत्रा काढला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, इंजिन ते बॉडी असे तीन जाड पट्टे टाकले.

वायरीच्या रंगांसाठी लुकासची जुनी पद्धत धरली: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, निळी हेडलाइट, लाल पार्किंग आणि टेल, काळी अर्थ. ही पद्धत पाळली की उद्या कुठलाही जाणकार वायरमन डॅशखाली डोकं घालून दोन मिनिटांत समजून घेईल.

इथे एक फसवणूक झाली. एका दुकानातून "शुद्ध तांबं" म्हणून वायरीची बंडलं आणली. घरी आल्यावर बंडल हातात हलकं वाटलं. रोज तांब्याची तार तोलणाऱ्या हाताला ते कळतं. ब्लेडने एक केस, म्हणजे वायरीतला एक बारीक धागा, खरवडला तर आत पांढरा. वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. असली वायर तितक्याच जाडीत जास्त तापते, वाकवून वाकवून तुटते आणि थिंबलमध्ये (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) कालांतराने ढिली पडते. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. साडेतीन हजार गेले, पण ती वायर मी गाडीत घातली नाही. वायर विकत घेताना एक केस खरवडून बघा, दुकानातच.

जोड सगळे थिंबल दाबून केले. सोल्डर करायची सवय मला धंद्यातली, पण जीप हादरते. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि बरोबर त्याच कडेला तुटते. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, प्रत्येक भोकात रबर ग्रोमेट बसवलं. हेडलाइटला दोन रिले दिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच: लांबच्या उजेडाचा (हाय) एक, जवळच्याचा (लो) एक. रिलेचे आकडे एकदा पाठ झाले की भीती जाते: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ला स्विचची बारीक वायर. त्यामुळे हाय-लो बदलणाऱ्या पायाखालच्या जुन्या डिपरमधून आता नावापुरताच करंट जातो आणि तो मूळचा डिपर मला ठेवता आला. आठ फ्यूजचा डबा डॅशखाली, दिसणार नाही असा.

अल्टरनेटर टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. मी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामोच ठेवला. त्याच्या पाटीवर २२ अँपिअर लिहिलेत, मग हिशेब मांडला. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ९ अँपिअर, कॉइल ३-४, टेल-पार्किंग २, वायपर ३. अठरा होतात. यात बसतं, फक्त जास्तीचे फॉग लॅम्प लावायचे नाहीत आणि उभ्या गाडीत दिवे चालू ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, कारण आयडलिंगला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. ज्यांना रोज शहरात चालवायची आहे त्यांनी अल्टरनेटर जरूर टाकावा. मला मामांच्या गाडीचा तो घुंईं आवाज हवा होता.

मृगाच्या तोंडावर पहिल्यांदा करंट सोडला. थेट नाही. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे बॅटरीच्या प्लसमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मालिकेत जोडला. कुठे शॉर्ट असेल तर वायर जळण्याऐवजी हा बल्ब पूर्ण पेटतो. सगळे स्विच बंद. टोक लावलं. बल्ब विझलेलाच. मग एकेक फ्यूज घालत गेलो. पाचव्या फ्यूजला बल्ब भक्कन पेटला. ब्रेक लाइटच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीला पत्र्याची कड लागली होती. स्लीव्ह चढवली, बल्ब विझला.

डायनामो मात्र चार्ज देईना. इतकी वर्षं पडून त्याच्यातलं चुंबकत्व गेलं होतं. एफ (फील्ड) टर्मिनलची वायर रेग्युलेटरमधून सोडवली आणि तिचं टोक बॅटरीच्या प्लसला क्षणभर टेकवलं. निळसर ठिणगी. तीनदा तसं केलं, वायर परत जोडली, इंजिन चालू केलं. रेस वाढवली तशी डॅशवरची लाल बत्ती विझली आणि अँपिअर मीटरचा काटा उजवीकडे सरकला. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी पुढे नेली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, २० हजार शुल्कात. पण ती घेतली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. मला फोंडा घाट उतरायचा होता. त्यामुळे साधीच नोंदणी ठेवली.

पहिल्या रात्रीच्या फेरीला मामा शेजारी बसले. दाजीपूरच्या पुढे धुकं होतंच. इंजिन चालू ठेवून, रेसवर, थांबून बल्बवर मीटर लावला: १३.४. मामांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. ते पुढे वाकून काचेतून बघत होते.

"डिपर मार," म्हणाले. मी पायाने दाबला. रस्त्याकडेचा मैलाचा दगड लांबूनच उजळला, आणि चष्मा न लावता मामांनी त्यावरचं गावाचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुढच्या दगडावरचं. घाट संपेपर्यंत ते वाचतच होते.

वायपर अजून आळशी चालतो. त्याची मोटर सध्या माझ्या दुकानात टेबलावर उघडून ठेवली आहे.