कांदेनवमीची ताटली

आंजर्ल्याच्या घरी फडताळात एक निळी-पांढरी चिनीमातीची ताटली आहे. आजोबांनी मुंबईत कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. कडेला टवका उडालाय, तो माझ्या नावावर. दर कांदेनवमीला आजी तिच्यात भजी वाढते आणि मग ताटली धुऊन-पुसून थेट कार्तिकीपर्यंत वर. "तिच्यावर कांदे आहेत गो. चातुर्मासात कशी चालेल?"

यंदा पाऊस असा लागला की दोन दिवस दाराबाहेर पाऊल टाकता येईना. ताटली मांडीवर घेऊन बघत बसले. मधोमध बांबूचा दांडा, त्याला वळसे घालत चढलेली वेल, वर टपोरं फूल. काठावर फळं, एक आत तोंड करून, पुढचं बाहेर. गोल, टोकाला निमुळती. कांदेच!

मला हे आजीचं खूळ वाटायचं. पण ही नक्षी जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याची, साधारण १७४० ची, आणि तिकडेही तिचं नाव 'त्स्वीबेलमुस्टर', म्हणजे कांद्याची नक्षी. खरी चिनीमाती युरोपला नीट जमायला लागून तेव्हा जेमतेम तीस वर्षं झालेली. त्याआधी डेल्फ्टचे डच कुंभार साध्या मातीवर पांढरा लुकण चढवून चिनी भांड्यांची हौस भागवत. माइसेनच्या चित्रकारांपुढेही नमुना चिनी भांड्यांचाच. त्यांवरची फळं म्हणजे डाळिंबं आणि पीच. डाळिंब लेकुरवाळेपणाचं, पीच दीर्घायुष्याचं. पिओनीचं फूल असलं तर ते श्रीमंतीचं. सवाष्णीची ओटीच म्हणायची! जर्मनांनी ही फळं कधी नीट बघितली नसावीत, असा माझा संशय. काही असो, लोकांना त्यांत कांदे दिसले आणि नाव चिकटलं.

पुढे इतक्या कारखान्यांनी ही नक्षी उचलली की माइसेनवाल्यांनी बांबूच्या बुंध्याशी आपल्या दोन तलवारींची खूण काढायला सुरुवात केली. मी भिंग घेऊन शोधलं. आमच्या बांबूपाशी काहीच नाही. नकलेची नक्कल.

आजीला सगळं सांगितलं. म्हटलं, "डाळिंबं आहेत ती. उपासालासुद्धा चालतील."

तिने चष्मा लावून ताटली उजेडाकडे धरली, दोनदा फिरवली.

"असतील. पण साठ वर्षं कांदा म्हणून पाळलंय," म्हणाली आणि ताटली फडताळात वरच्या फळीवर सरकवली.