तालिमेरेन आओंच्या डोंगरावर: मरियानी, चांगकी, इम्पुर

नागालँडला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कोहिमाजवळच्या किसामाला जातात. हॉर्नबिल उत्सव पाहायचा, त्या गर्दीत वाढीव भाड्याची खोली घ्यायची आणि परतायचं. मोकोकचुंगकडे फारसं कुणी वळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा पहिला कर्णधार, तालिमेरेन आओ, या जिल्ह्यातला.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून दिब्रूगडला जाणारी गाडी आसाममधल्या मरियानी जंक्शनला थांबते. इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये शिरायचा परवाना, मात्र घरूनच ऑनलाइन काढावं. ओळखपत्र आणि फोटो लागतो, आणि जायची ठिकाणं भरताना मोकोकचुंग विसरू नये. परमिटच्या दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण हद्दीवरच्या गेटवर नेटवर्क असेलच असं नाही. मरियानीहून पुढे शेअर सुमो. ती सकाळी मिळते आणि भरल्याशिवाय हलत नाही. चहाचे मळे संपले की चढ लागतो. नकाशावरचं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचं असलं तरी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पावसाळ्यात या मऊ मातीच्या डोंगरांवर दरडी येतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च बरा. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. दुपारी तीननंतर नव्या रस्त्याला लागूच नये. रविवारी तर दुकानं, गाड्या सगळंच बंद असतं. शनिवारीच खायचं सामान घेऊन ठेवावं.

चांगकी हे तालिमेरेन आओंचं जन्मगाव. जन्म २८ जानेवारी १९१८. इथल्या बायका चाकाशिवाय, हातानं थापून मडकी घडवतात, आणि गाव आजही त्या मडक्यांसाठी ओळखलं जातं. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे कुटुंब पुढे इम्पुरच्या मिशनच्या आवारात आलं. अमेरिकन बाप्टिस्ट मिशननं १८९४ मध्ये आपलं ठाणं इथे हलवलं होतं.

खरं थांबायचं ते इम्पुरलाच. आओ ही इथली नागा जमात; त्यांची गावं डोंगराच्या माथ्यावर वसलेली, कण्याच्या दोन्ही बाजूंना उतार. सपाट जागा मुळातच मोजकी. तालिमेरेन लहानपणी चिंध्यांच्या चेंडूनं खेळत. असा चेंडू उसळत नाही, हवेत फार जात नाही. तो पायाजवळ ठेवूनच न्यावा लागतो. त्यात जोरात मारलेला चेंडू सरळ दरीत. पुढे हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, म्हणून समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेऊन शांतपणे आपल्या माणसाकडे देणं हीच त्यांची ख्याती झाली. त्या खेळाचं मूळ या उतारांवर आहे, असा माझा तर्क आहे आणि इथं उभं राहिल्यावर तो पक्का होतो.

लोक त्यांची एकच गोष्ट सांगतात: अनवाणी ऑलिंपिक. ३१ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या अकरांपैकी आठ जण बुटांशिवाय खेळले. त्यामागे निव्वळ गरिबी होती हे मला पटत नाही. कोरड्या, कडक मैदानावर उघड्या पायाला चेंडू नीट कळतो, वळणं पटकन घेता येतात. घोट्याला घट्ट पट्टी बांधली की आधारही मिळतो. अडचण येते ती ओल्या गवतावर. पाय सरकतो, शिवणीचा चामडी चेंडू पाणी पिऊन जड होतो, आणि बोटांच्या टोकानं तो मारायची सोय नसते. सगळा जोर पायाच्या पाठीतूनच काढावा लागतो. भारतानं त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या, सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली आणि फ्रान्सनं अगदी शेवटी गोल करून २-१ असा सामना जिंकला. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं १०-१ असं हरवल्यावर मात्र भारतात बूट सक्तीचे झाले.

अनवाणी पायांवरच थांबणाऱ्यांची मला चीड येते, कारण पुढचा माणूस त्याहून मोठा आहे. १९३५ मध्ये विषमज्वरानं वडील गेले. जाताना त्यांनी मुलाला डॉक्टर व्हायला सांगितलं. मग जोरहाट, गुवाहाटीचं कॉटन कॉलेज आणि १९४२ मध्ये कलकत्त्याचं कारमायकल मेडिकल कॉलेज, म्हणजे आजचं आर. जी. कर. एकीकडे अभ्यास, दुसरीकडे मोहन बागानच्या मधल्या फळीत खेळ आणि पुढे तिथलं कर्णधारपद. १९४८ च्या ऑलिंपिकच्या संचलनात भारताचा झेंडा त्यांच्याच हाती होता. इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लबकडून खेळायची विचारणा झाल्याचं सांगतात. ते परतले आणि १९५० मध्ये एमबीबीएस झाले. मैदान सोडलं आणि नागा डोंगरात सरकारी डॉक्टर म्हणून कामाला लागले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झालं, त्याच वर्षी ते आरोग्य खात्याचे संचालक झाले. आजही तासन् तास लागणाऱ्या या रस्त्यांवर तेव्हा रुग्णाला खाली आणणं काय असेल, हे सुमोत बसूनच कळतं. १९७८ ला ते निवृत्त झाले, १९९८ ला गेले.

मोकोकचुंगला मुक्काम करून इम्पुर पाहून परतणं सोपं पडतं. तासाभरात पाहून निघू नये. अर्धा दिवस द्यावा, मुलं खेळत असतील तर थांबावं, फोटो काढण्याआधी विचारावं. जेवायला अनिशी मागावी. अळूची पानं आंबवून, त्याच्या वड्या करून चुलीवरच्या धुरात वाळवतात आणि डुकराच्या मांसात शिजवतात. वास उग्र असतो, चव पहिल्या घासाला कळत नाही, आणि यजमान आपल्या ताटाकडे लक्ष ठेवून पुन्हा वाढतात. आओंचा मोआत्सु सण मेच्या पहिल्या आठवड्यात असतो. पाऊस लवकर आला तर रस्ता बिघडतो, पण हॉर्नबिलपेक्षा मी हाच निवडेन.