तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीच्या खेळात घरे कशाला मोजायची?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर रविवारी दुपारी जो खेळ चालतो, तो पाहायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो : "सगळे मिळून गोष्टच रचताय नव्हं, मग मधेच ही घरं मोजत कशाला बसताय?" प्रश्न रास्त आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा मुळात बोलण्याचा खेळ. एक जण सूत्रधार होतो, ज्याला आम्ही डीएम म्हणतो. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. डीएम प्रसंग उभा करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. यासाठी पट लागतोच असे नाही. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत तर चौकटींवर खेळणे हा केवळ एक पर्याय म्हणून दिलेला आहे. तरीही लढाई सुरू झाली की मी पट अंथरतो, आणि तो का, हे एकदा नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आमचा पट म्हणजे वाढदिवसाचे फलक छापतात तोच फ्लेक्स आहे, त्यावर एक-एक इंचाची घरे छापून घेतली आहेत. वर जेवणाच्या टेबलावर घालतात तसले पारदर्शक प्लास्टिक असते, म्हणजे व्हाइटबोर्डच्या पेनाने भिंती, दारे, ओढे काढता येतात आणि ओल्या फडक्याने पुसता येतात. सोंगट्या कॅरमच्या घेऊन पाहिल्या, पण त्या इंचापेक्षा मोठ्या असल्यामुळे शेजारच्या घरात शिरतात. म्हणून एक रुपयाच्या नाण्यांवर रंगीत कागद चिकटवले. एक घर म्हणजे पाच फूट. साधारण माणसाचा वेग तीस फूट, म्हणजे सहा सेकंदांच्या एका फेरीत सहा घरे. चिखल, ढिगारा किंवा गुडघाभर पाणी असेल तर प्रत्येक घराला दुप्पट चाल खर्ची पडते, आणि पडलेल्या माणसाला उठून उभे राहण्यातच निम्मा वेग जातो.

सुरुवातीची दोन वर्षे मी पटाशिवाय खेळवले. एका लढाईत झुलत्या पुलावर आग लागली आणि एका खेळाडूने सांगितले की तिचे पात्र पूल ओलांडून पलीकडे उडी घेते. माझ्या मनातल्या चित्रात ती पुलाच्या मध्यावर होती. तिच्या मनातल्या चित्रात ती पलीकडच्या टोकापासून दोन पावलांवर होती. दोन्ही चित्रे माझ्याच वर्णनातून तयार झाली होती, पण निर्णय देणारा मी होतो, म्हणून माझे चित्र खरे ठरले आणि आठ महिने जपलेले तिचे पात्र दरीत गेले. ती भांडली नाही. पुढचे दोन रविवार मात्र ती आली नाही, आणि ते दोन्ही रविवार मी त्या पुलाची लांबी नक्की किती होती याचाच विचार करत होतो. ती मी कधी सांगितलीच नव्हती.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढू लागली की आपण एकमेकांना "पाणी लई वाढलंय" एवढेच सांगून थांबत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले ते विचारतो. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोका पातळी घराघरात पाठ आहे, आणि तो आकडा कळला की सामान वर चढवायचे की नाही याचा निर्णय ज्याचा तो घेऊ शकतो. पटावरची घरे नेमके हेच काम करतात : सूत्रधाराच्या डोक्यातले अंतर सर्वांसमोर येते, आणि मग निर्णय खेळाडूचा राहतो.

मोजमाप हे काही नंतर लादलेले प्रकरणही नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला तो टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्या पहिल्या पुस्तकांत अंतरे इंचांत दिलेली होती. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर फूटही बाजूला ठेवून सगळी अंतरे घरांतच लिहिली.

पण घरे मोजण्याचा खरा अर्थ मला नियमपुस्तकातून कळला नाही, तो मर्दानी खेळ पाहताना कळला. आपल्या आखाड्यांतला एखादा दांडपट्टेवाला पट्टा फिरवू लागला की त्याच्याभोवती एक मोकळे वर्तुळ आपोआप तयार होते. त्या वर्तुळात शिरणे अवघड असतेच, पण त्याहून अवघड असते ते एकदा शिरल्यावर पाठ फिरवून बाहेर पडणे. खेळातला 'अपॉर्च्युनिटी अटॅक' म्हणजे हेच. शत्रूच्या आवाक्यातून, म्हणजे सामान्यतः त्याच्या शेजारच्या घरांतून, तुम्ही बाहेर पडलात तर त्याला जाता जाता एक फुकटचा वार मिळतो. खूप लांब दांड्याचे हत्यार असेल तर तो आवाका दोन घरांचा होतो. तिसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या आवाक्यातले कोणतेही घर सोडताना वार बसे, तुम्ही त्याच्याभोवती फिरत असलात तरीही; पाचवीत तो आवाक्याबाहेर पडतानाच बसतो. मला पाचवीचा नियम अधिक पटतो, कारण दोन माणसे एकमेकांभोवती फिरत लढतात, आणि त्या फिरण्याला शिक्षा नसावी.

हा वार एका फेरीत एकदाच करता येतो, आणि इथे खरी मजा सुरू होते. चिलखत घातलेला गडी मुद्दाम आधी बाहेर पडतो, वार अंगावर घेतो, आणि मग त्याच वाटेने जखमी सोबती सुखरूप निघून जातो. असे काही एखाद्या खेळाडूला सुचते तेव्हा ती उत्तम गोष्ट असते, आणि ती मोजण्यातूनच आलेली असते.

जागेची रुंदीही तशीच बोलू लागते. उघड्या मैदानात एकट्या माणसाला आठ घरांतून आठ जण घेरू शकतात. दहा फूट रुंदीच्या खिंडीत दोन घरे असतात. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले की शत्रूच्या घरातून पलीकडे जाता येत नाही या एका साध्या नियमामुळे वाट बंद होते. मागे शंभर असोत, समोर दोघेच येऊन भिडू शकतात. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय ओळखले होते, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले. पण पटावर खिंड काढून त्यात दोन नाणी ठेवली, की ती जागा का निवडली गेली असेल हे बोटांना कळते. दाराचेही असेच. नवीन खेळाडू हमखास दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहतो, आणि त्याच्यावर समोरच्या व दोन्ही तिरक्या घरांतून तिघे तुटून पडतात. अनुभवी खेळाडू दाराच्या एक घर आत उभा राहतो. मग दारात एकच शत्रू मावतो, आणि आतून आपले तिघे त्याच्या वाटेवर असतात.

आता तिरक्या चालीबद्दल, कारण त्यावरून आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाले. बुद्धिबळातल्या राजाप्रमाणे तिरके घरही एकच मोजावे, हा पाचव्या आवृत्तीचा साधा नियम. तो सोपा आहे, पण त्याने तिरके धावणारा तीस फुटांत प्रत्यक्ष बेचाळीस फूट पळतो, आणि हे त्याच्यामागे सरळ धावणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. आम्ही तिसऱ्या आवृत्तीपासूनची जुनी रीत पाळतो : पहिले तिरके घर पाच फूट, दुसरे दहा, तिसरे पुन्हा पाच. चार तिरकी घरे अशी तीस फूट होतात. खरे अंतर अठ्ठावीसच्या थोडे वर असते, म्हणजे चूक अगदी किरकोळ. षट्कोनी घरांत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. पण षट्कोनांवर चौकोनी खोली काढायला गेले की भिंती घरांना कापत जातात, आणि आमच्या लढाया बहुतेक वाड्यांत आणि तळघरांत होतात.

प्रवास, बोलणी, बाजारातली शोधाशोध यांसाठी मी पट कधीच काढत नाही. आणि पटावरही एक पथ्य आहे : आधी पात्र काय करते ते वाक्यात सांगायचे, मग नाणे सरकवायचे.

आमच्यात अकरावीतली एक मुलगी आहे. ती कमी बोलते. पटाशिवायच्या दिवसांत तिचा प्रत्येक डाव "मी तिथपर्यंत पोचते का?" या प्रश्नाने सुरू होई, आणि मोठ्या आवाजाचे दोघे तिच्या आधी उत्तर देऊन मोकळे होत. गेल्या महिन्यात एका तळघरात तिचा सोबती बेशुद्ध पडला होता, आणि त्याच्या शेजारचे मोकळे घर तिच्यापासून पाच घरे पुढे आणि दोन घरे डावीकडे होते. वाटेच्या डाव्या अंगाला एक गॉब्लिन, म्हणजे ठेंगणा राक्षस, उभा होता. तिने पेनाच्या टोकाने आधी दोन तिरकी आणि मग तीन सरळ घरे मोजली. तीस फूट बरोबर भरले, पण ती वाट गॉब्लिनच्या आवाक्यात शिरून बाहेर पडत होती. मग तिने उलटे मोजले, आधी तीन सरळ आणि शेवटी दोन तिरकी. तेवढेच तीस फूट, आणि गॉब्लिन कुठेच लागत नव्हता. "मी भिंतीच्या कडेनं पळत जाते आणि त्याच्या तोंडात औषधाची कुपी रिकामी करते," असे म्हणून तिने नाणे त्या घरात नेऊन ठेवले. मला काही विचारले नाही.