समासातलं पेन्सिलीचं वाक्य

पेशवाईतल्या प्रेमकथा मला आवडतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्यांना मी येता-जाता नावं ठेवते आणि माधवराव-रमाबाईंची ती जाडजूड कादंबरी मात्र दर पावसाळ्यात खाली काढते. ‘आवडते की नाही, ते एकदा ठरव बाई,’ असं घरातलेही म्हणतात.

शेवटची काही पानं सोडली तर आवडते. पानिपतानंतर १७६१ साली गादीवर आलेला सोळा वर्षांचा मुलगा. घरात राघोबादादांसारखा काका, बाहेर निजाम आणि हैदर. दिवसभर करड्या आवाजात हुकूम सोडणाऱ्या या पेशव्याला रात्री बायकोशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. समई मंदावते, ती वात सारायला उठते, बोलणं तिथेच राहतं. हे सगळं लेखकाच्या मनातलं, ठाऊक आहे मला. कागदपत्रांत रमाबाई फार थोड्या सापडतात. माधवरावांची पत्रं आहेत, मरणापूर्वी लिहवून घेतलेली नऊ कलमं आहेत, आणि त्यांत काळजी कशाची, तर कर्ज फिटण्याची! बायकोशी काय बोलले, ते कोण कारकून टिपून ठेवणार? ती रिकामी जागा कुणीतरी भरली आणि झकास भरली. त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण थेऊरशी आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला क्षयानं झिजलेले माधवराव तिथे, चिंतामणीच्या सान्निध्यात वारले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. घडलं ते घडलं, ते बदला असं मी म्हणत नाही. पण लेखकाची भाषा तिथे एकदम नटते. मळवट, वाणं, चेहऱ्यावरचं तेज. धुराचा वास कुठेच नाही. काल-परवापर्यंत वात सारणारी, रुसणारी बाई पानभरात देवी होते आणि देवीला कुणी काही विचारत नाही. त्याच घरातल्या गोपिकाबाई, म्हणजे माधवरावांच्या आई, नवऱ्यामागे सत्तावीस वर्षं जगल्या. त्यांचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं का? त्यांच्यासाठी कुणाची लेखणी अशी नटलेली माझ्या तरी वाचनात नाही.

आता हे सगळं शहाणपण वयाचं. पंधराव्या वर्षी याच पानावर मी हमसून हमसून रडले होते आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘किती हे प्रेम!’ उद्गारचिन्हं तीन.

मागच्या पावसाळ्यात ते खोडायला बसले. कागद पिवळा पडलेला, खोडरबर टेकवलं की लव निघायला लागली. अजून घासलं असतं तर शेजारची छापील ओळही गेली असती. एक उद्गारचिन्ह गेलं, दोन राहिली. पान उलटलं, आणि पुढच्या परिच्छेदाला पदर शोधावा लागलाच.